वचनाची थकबाकी साठत नाही

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, सलाम. रोज तीन अध्याय वाचून वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र (बायबल) वाचून काढायचे, असा निश्चय मी १ जानेवारीला केला होता. उत्पत्ती आणि निर्गम ही पहिली दोन पुस्तके आवडीने वाचली, पण तिसरे, लेवीय, सुरू झाले आणि गाडी अडली. त्यात पाहुणे आले, मुलांच्या परीक्षा आल्या, आणि आता वीसेक दिवसांचे अध्याय मागे पडले आहेत. रात्री अंथरुणात मोबाईलवर वाचायला घेते तर डोळे मिटतात, आणि शास्त्राची आठवण झाली की अपराधी वाटते. सासूबाईंना मोतीबिंदूमुळे अक्षरे दिसत नाहीत, तरी पाठ असलेली स्तोत्रे म्हणताना त्यांचा चेहरा प्रसन्न असतो. तो आनंद मला का मिळत नाही?
— एक भगिनी, श्रीरामपूर तालुका

उत्तर : प्रिय भगिनी, प्रभूमध्ये सलाम. मागे पडलेले अध्याय आजपासून सोडून द्या, ही माझी पहिली विनंती आहे. पवित्र शास्त्रात ११८९ अध्याय आहेत. रोज तीन या हिशेबाने एकही दिवस न चुकवता वाचले तरी वर्षअखेर ९४ अध्याय उरतात. शिवाय मूळ लेखकांनी अध्याय पाडलेच नव्हते. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली, आणि नव्या करारातील वचनांचे आजचे क्रमांक रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ साली घातलेले. शोधायला सोपे जावे म्हणून केलेली ही सोय आपण रोजचा हप्ता करून बसलो, आणि हप्ता थकला की माणूस सावकाराला तोंड दाखवायचे टाळतो, तसे तुमचे शास्त्राच्या बाबतीत झाले आहे.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर, मला वाटते, सासूबाईंच्या ओठांवर आहे. पहिल्या स्तोत्रात धन्य पुरुषाविषयी सांगताना तो देवाच्या नियमशास्त्रात ‘रमतो’ असे आधी म्हटले आहे आणि त्याचे रात्रंदिवस ‘मनन करतो’ हे त्यानंतर आले आहे. ‘मनन’ म्हटले की आपल्याला डोळे मिटून गप्प बसलेला माणूस दिसतो; परंतु तिथला ‘हागा’ हा इब्री (हिब्रू) शब्द पुटपुटण्याचा, हलक्या आवाजात म्हणत राहण्याचा आहे, आणि यशयाच्या पुस्तकात शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी व घुमणाऱ्या पारव्यासाठीही तोच शब्द आला आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातला कूशी (आफ्रिकेतील कूश देशाचा) अधिकारी रथात बसून स्वतःपुरता यशया वाचत होता, तरी धावत जवळ आलेल्या फिलिप्प या सुवार्तिकाला ते ऐकू गेले, कारण तो मोठ्याने वाचत होता. मोबाईलवर अंगठ्याने वर सरकवलेले वचन जिभेवर येतच नाही, मग ते गोड कसे लागणार?

लेवीय नीरस आहे असे मात्र मी म्हणणार नाही. यज्ञांचे नियम सध्या बाजूला ठेवा, ते पुढे नव्या करारातील ‘इब्री लोकांस पत्र’ याबरोबर वाचलेत तर अर्थ लागेल. पण एकोणिसावा अध्याय उघडा आणि नववे व दहावे वचन सावकाश, दोनदा वाचा. शेताची कापणी करताना कानाकोपरे झाडून कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या, असे तिथे सांगितले आहे. सरवा! कापणी उरकलेल्या शेतात सांडलेली कणसे ओट्यात गोळा करणाऱ्या बाया ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ज्या पुस्तकाला तुम्ही अडलात, त्यात देव गरीब बाईच्या ओट्याची काळजी वाहतो आहे. रोज एवढे एक जरी हाती लागले, तरी त्या दिवसाचे वाचन झाले असे मी मानतो.

वेळेविषयी थोडक्यात सांगतो. रात्रीची वेळ सोडा. सकाळी चहा उतरवल्यावर, छापील शास्त्र हाताशी ठेवून, दहा-बारा वचने पुरेत. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई करू नका. काही सकाळी काहीच जाणवणार नाही, तशा सकाळी मलाही येतात. त्या दिवशीही वाचावे आणि उठून कामाला लागावे.

आणखी एक सुचवतो, आणि माझा भर याच्यावर अधिक आहे. एकट्याने वाचू नका. सासूबाईंच्या डोळ्यांना आता अक्षरे दिसत नाहीत, तर तुम्ही वाचा आणि त्यांना ऐकू द्या. सुरुवात रूथच्या पुस्तकाने करा. चारच अध्याय आहेत. ते चार दिवसांत संपले काय किंवा दोन आठवड्यांत, बिघडत नाही. सासू-सुनेची ही गोष्ट सातूच्या हंगामात घडते, आणि लेवीयातला तोच नियम दुसऱ्या अध्यायात प्रत्यक्ष शेतात उतरतो : परकी, विधवा रूथ कापणी करणाऱ्यांच्या मागून सरवा वेचते, आणि शेताचा मालक बवाज आपल्या गड्यांना तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम काही काढून टाकायला सांगतो. तिथवर आलात की जरा थांबा आणि सासूबाईंना विचारा, त्यांनी कधी सरवा वेचला होता का.