पणजोबांची कबर शोधताना

प्रश्न: सुट्टीत परदेशी, पणजोबांच्या जुन्या गावी जाणार आहोत. त्यांना तिथेच पुरलं, एवढंच ठाऊक आहे. गाव ऐतिहासिक आहे, तेही पाहायचंय. हाती एकच दिवस. सुरुवात कुठून करू?

उत्तर: निघण्याआधी चर्चला किंवा नगरपालिकेला लिहून दफनाची नोंद, विभाग आणि ओळ विचारा. कबर अजून आहे का, हेही विचाराच. जर्मनीत जागा ठरावीक मुदतीनेच मिळते. नंतर तिथे दुसऱ्याचं दफन होऊ शकतं. तिथे पोचल्यावर हे कळणं जिवाला फार लागतं.

जुन्या पेठेतल्या चर्चभोवतीच कबर असेल, असं धरून चालू नका. फ्रान्समध्ये १८०४च्या हुकुमाने शहराच्या आत दफनाला बंदी आली. लंडनमध्ये १८५२च्या कायद्यानंतर जुन्या दफनभूमी बंद होत गेल्या. मृत्यूचं साल पाहूनच जागा शोधा.

कबरीकडे सकाळीच जा. तिरप्या उन्हात झिजलेली अक्षरं उठून दिसतात. ढग असतील तर बाजूने टॉर्च धरा. मी तर हातआरसाही नेते, सावलीतल्या दगडावर ऊन पाडायला. खडू, तारेचा ब्रश, शेव्हिंग फोम मात्र अजिबात नको, दगड कायमचा खराब होतो. शेजारच्या कबरींचेही फोटो घ्या: पणजीच्या माहेरची माणसं बऱ्याचदा तिथेच सापडतात.

गाव दुपारी पाहा. नोंदीत पत्ता मिळाला असेल, तर मोठ्या चौकाआधी ती गल्ली गाठा. घरांचे क्रमांक मात्र बदललेले असू शकतात, तेव्हा जुना नकाशा सोबत असू द्या.