विहारातला ध्यानाचा एक दिवस : वाचकांचे प्रश्न

एक दिवसाच्या ध्यान-शिबिरांबद्दल मागच्या अंकात प्रश्न मागवले होते. कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेल्या पत्रांपैकी पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे घेतले आहेत.

आमच्या विहारात दर रविवारी वंदना होते. आता महिन्यातला एक रविवार दिवसभर ध्यानासाठी ठेवायचं ठरलंय. ४० जण तयार आहेत. हॉल २० बाय २० फुटांचा आहे, पुढे २५ फूट रुंद अंगण आहे. आखणी कशी करावी?
— विहार समितीचे सचिव, कागल तालुका

पहिल्या वेळी २४ जणच घ्या, बाकीच्यांची नावं पुढच्या महिन्यासाठी लिहून ठेवा. बसायला एका माणसाला ये-जा धरून साधारण १० चौरस फूट लागतात, म्हणजे ४० जण तुमच्या हॉलमध्ये कसेबसे मावतील. खरी अडचण चालण्याची आहे. चंक्रमण, म्हणजे भान ठेवून चालणं, हा अशा दिवसाचा निम्मा भाग असतो आणि प्रत्येकाला स्वतःची सरळ वाट लागते : दोन फूट रुंद, २० ते २५ फूट लांब. तुमच्या अंगणात अशा १२ वाटा बसतात. म्हणून १२ जण बसतील तेव्हा १२ जण चालतील, मग अदलाबदल. आदल्या दिवशी खडूनं वाटा आखून ठेवा. सगळ्यांना विहाराभोवती गोल फिरवलं की एक पुढे जातो, दुसरा मागे रेंगाळतो आणि लक्ष पायांऐवजी पुढच्याच्या पाठीवर राहतं.

सकाळी ८ ला चहा आणि नोंदणी. ८.३० ला त्रिशरण, पंचशील, मग २० मिनिटं सूचना. ९ पासून १२ पर्यंत २५ मिनिटं बसणं आणि २५ मिनिटं चालणं आलटून पालटून, मध्ये एकदा पाण्यासाठी १० मिनिटं. १२ ला जेवण, तेही मौनातच. १ ते १.४० आडवं होऊन विश्रांती. दुपारच्या पहिल्या सत्रात दोन्ही गटांना आधी १५ मिनिटं चालू द्या. दाटी झाली तरी चालेल, हॉलमध्ये आसनं गुंडाळून निम्म्यांना तिथे चालवा. मग ३.१५ पर्यंत सकाळसारखंच. ३.१५ ला चहा, ३.३० ला अर्धा तास मैत्री भावना (सगळ्यांचं भलं व्हावं असं मनात आणणं), ४ ला मौन सोडून अर्धा तास बोलणं, ४.३० ला समाप्ती. नव्या माणसाला ४५ मिनिटांची बैठक देऊ नका. तिसाव्या मिनिटाला तो घड्याळाची वाट बघत बसतो आणि पुढच्या महिन्यात येत नाही.

वेळ सांभाळायला एक माणूस वेगळा नेमा. त्यानं त्या दिवशी ध्यानाला बसायचं नाही, दाराशी घड्याळ घेऊन बसायचं आणि पितळी घंटा एकदाच वाजवायची. मोबाइलचा गजर नको.

सूचना थोड्या आणि नेमक्या हव्यात. श्वास नाकपुड्यांपाशी जाणवत असेल तर तिथे, पोटाच्या वर-खाली होण्यात जाणवत असेल तर तिथे लक्ष ठेवायचं. सकाळी जी जागा धरली तीच संध्याकाळपर्यंत. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे भान ठेवण्याबद्दलच्या बुद्धांच्या उपदेशात, सांगितलंय की लांब श्वास घेताना ‘लांब घेतोय’ हे जाणावं, आखूड घेताना ‘आखूड घेतोय’ हे जाणावं. श्वास लांबवायला तिथे सांगितलेलं नाही. आपल्याकडे बऱ्याच जणांनी प्राणायाम केलेला असतो, त्यामुळे डोळे मिटले की ते सवयीनं जोरात श्वास घेऊ लागतात आणि पाऊण तासात डोकं जड होतं, गरगरतं. हे सूचनांमध्येच सांगून टाका. मन भटकलं हे कळलं की परत श्वासावर यायचं, स्वतःवर चिडायचं नाही. चालताना पाय उचलला, पुढे नेला, टेकला, एवढंच. वाट संपली की थांबायचं, दोन्ही तळव्यांवरचा भार जाणायचा, मग वळायचं. बहुतेकांचं भान वळतानाच सुटतं.

एक गोष्ट मात्र कडकपणे पाळा. पाहुण्यांचं भाषण, सत्कार, हार-गुच्छ, फोटो यांतलं काहीही या दिवशी नको. शिबिराचा सकाळचा दीड तास हमखास यातच जातो आणि ज्यांनी सुट्टीचा दिवस दिला ते ताटकळतात. सत्कार करायचाच असेल तर त्याला दुसरा रविवार आहे.

तारीख धरताना १४ एप्रिल, बुद्ध पौर्णिमा आणि १४ ऑक्टोबरच्या आसपासचे रविवार सोडा. १९२० साली माणगावला बाबासाहेब आंबेडकर आणि शाहू महाराज यांच्या उपस्थितीत जी परिषद झाली तिची तारीख २१-२२ मार्च. त्या दिवसांत कार्यकर्ते तिकडे असतात. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्याचं छत असलेल्या विहारात पावसाच्या आवाजात सूचना ऐकू येत नाहीत आणि अंगणातली फरशी निसरडी होते. त्या महिन्यांत संख्या १२ वर आणा आणि चालणं हॉलमध्येच ठेवा.

दर कार्यक्रमाला आम्ही बायका स्वयंपाकघरात असतो. ध्यानाच्या दिवशीही तेच होणार का?
— महिला मंडळाच्या सदस्या, कसबा बावडा

होऊ देऊ नका. ही तक्रार अगदी रास्त आहे आणि बहुतेक विहारांना लागू आहे. ज्या शिबिरात निम्मं गाव ध्यान करतं आणि निम्मं गाव भाकरी थापतं, ते शिबिर अर्धंच झालं असं आम्ही मानतो.

सर्वांत सोपा उपाय डब्याचा. प्रत्येकानं घरून आपला डबा, ताट आणि तांब्या आणायचा, विहारानं फक्त ताक आणि पाणी द्यायचं. २४ जणांना माणशी एक पेला धरून चार लिटर ताक पुरतं. आपलं ताट ज्यानं-त्यानं घासायचं, तेही सावकाश, हात पाण्यात आहेत हे जाणत. मात्र डबा पहाटे उठून घरातल्या बाईनंच भरायचा असेल तर काम नुसतं विहारातून घरात गेलं. पुरुषांनी आपला डबा स्वतः भरावा, असं निमंत्रणातच लिहा.

एकत्र जेवणच हवं असेल तर पुरुषांचा गट शनिवारी रात्री भाजी निवडून-चिरून ठेवू शकतो आणि रविवारी फक्त दोघं स्वयंपाकाला थांबतील. पुढच्या महिन्यात दुसरे दोघं. रात्री शिजवून ठेवू नका, उन्हाळ्यात आमटी सकाळपर्यंत आंबते. २४ जणांना सव्वादोन किलो तांदूळ, सव्वा किलो मूगडाळ, तीन-साडेतीन किलो दुधी किंवा दोडका आणि दोन-अडीच किलो कणीक लागते. बेत साधा ठेवा. कांदा-लसूण चटणी निम्मी करा, तळण आणि गोड टाळा. झणझणीत आमटीवर ताव मारून बसलेल्या माणसाच्या घशाशी दोन वाजता आंबट येतं आणि मग श्वासाकडे लक्ष राहत नाही. चहा मात्र बंद करू नका. रोज दोन-तीन कप घेणाऱ्याचं डोकं चहा चुकला तर अकरापर्यंत ठणकायला लागतं.

वय ६३. उभं राहून यंत्रमाग चालवण्यात आयुष्य गेलं, गुडघे गेलेत. खुर्चीत बसून केलेलं ध्यान चालतं का?
— इचलकरंजी

चालतं. वर सांगितलेल्या सतिपट्ठान सुत्तात चालणं, उभं राहणं, बसणं, आडवं होणं या चारही स्थितींत भान ठेवायला सांगितलंय.

हाताच्या प्लास्टिक खुर्चीची बैठक मागे उतरती असते, त्यामुळे कंबर खचते. बैठकीच्या मागच्या भागावर टॉवेलची घडी घाला, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा किंचित वर राहील. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा. पाठ खुर्चीला रेलू नका, पण कंबर दुखत असेल तर मागे उशी घ्यायला हरकत नाही. हात मांडीवर.

खाली बसणाऱ्यांसाठीही हेच तत्त्व. घोंगडी किंवा चादरीची चार ते सहा इंच उंच घडी फक्त बुडाखाली घ्यायची, म्हणजे गुडघे आपोआप जमिनीकडे येतात. गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली टॉवेलची गुंडाळी. नुसत्या सतरंजीवर मांडी घातली की दहा मिनिटांत पाठीला पोक येतं आणि दोष ध्यानाला दिला जातो.

सांध्याच्या आत टोचल्यासारखी कळ आली तर लगेच पाय बदला, सहन करू नका. बसून आलेला बोथट ठणका असेल तर थोडा वेळ तो कुठे आहे, वाढतोय की सरकतोय हे बघा, मग सावकाश हलवा. घंटा झाल्यावर पायाला मुंग्या आल्या असतील तर मिनिटभर पाय पसरून थांबा. मुंग्यांच्या पायावर उठून पडण्याचे प्रकार होतात.

आयोजकांना एक विनंती : खुर्च्या मागच्या भिंतीशी वेगळ्या लावू नका, त्याच रांगेच्या टोकाला ठेवा.

दुपारी झोप आवरत नाही. काय करावं?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, गडहिंग्लज

हाच त्रास बुद्धांचे शिष्य मोग्गल्लान यांना झाला होता. अंगुत्तर निकाय या पाली ग्रंथात ते डुलक्या घेत असताना बुद्धांनी त्यांना एकापाठोपाठ एक उपाय सांगितल्याची नोंद आहे : ज्या विचारात गुंगी आली तो सोडून दे, ऐकलेला धम्म मनात घोळव, मोठ्यानं म्हण, कानाच्या पाळ्या ओढ आणि अंग चोळ, उठून डोळ्यांना पाणी लाव आणि दिशांकडे बघ, उजेडाची जाणीव धर, येरझाऱ्या घाल. एवढं करूनही झोप गेली नाही तर उजव्या कुशीवर झोप आणि जाग आली की उठ. क्रम आहे तो असा.

विहारात यातलं सगळं करता येतं. आधी डोळे अर्धे उघडा, मग जागेवरच उभे राहा. आठवडाभर रात्री एकला झोपत असाल तर मात्र ती झोप शरीराला हवीच आहे. विश्रांतीच्या ४० मिनिटांत बिनधास्त झोपा.

आमच्या शिबिराला ‘विपश्यना शिबिर’ म्हणता येईल का?
— शिरोळ तालुका

सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांच्या परंपरेत हा शब्द ठरावीक शिस्तीसह येतो. तिथे सुरुवात १० दिवसांच्या शिबिरानं होते आणि एक दिवसाचं शिबिर ते पूर्ण केलेल्या साधकांसाठीच असतं. आपल्या जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यात आळते इथे त्यांचं धम्मालय केंद्र आहे. तिथे शुल्क घेत नाहीत. त्या पद्धतीचं ध्वनिमुद्रण आणून विहारात लावणं आणि फलकावर ‘विपश्यना’ लिहिणं टाळा. लोकांची दिशाभूल होते. ‘आनापानसती (श्वासाचं भान) दिवस’ हे नाव साधं आहे आणि तुम्ही जे करणार आहात त्याला नेमकं लागू पडतं.

याच ओघात एक सांगायचं. म्यानमारचे भिक्खू महासी सयाडो यांच्या पद्धतीत पोटाच्या हालचालीची मनात नोंद करतात, व्हिएतनामचे भिक्खू थिक न्हात हान्ह यांच्या परंपरेत चालताना श्वास आणि पावलं जुळवतात, गोएंकांकडे श्वासानंतर अंगभर संवेदना पाहतात. तिन्ही आदरणीय आहेत, पण एकाच दिवशी तिन्ही शिकवलं तर नवा माणूस दिवसभर ‘आता काय करायचं’ याच विचारात राहतो.

ध्यान करताना काही जण रडतात, घाबरतात. तेव्हा काय करायचं?
— अंगणवाडी सेविका, करवीर तालुका

नोंदणीच्या वेळी एकांतात तीन गोष्टी विचारा : मानसिक आजारावर औषधं चालू आहेत का, अलीकडे घरात मृत्यू किंवा मोठा आघात झालाय का, फिट्स किंवा साखरेचा त्रास आहे का. भास होण्याचा आजार किंवा तीव्र नैराश्य असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. त्यांना दिवसभर मौनात बसवू नका. शिबिरासाठी कुणीही औषध थांबवायचं नाही. साखरेच्या रुग्णानं अष्टशीलातला दुपारनंतर न जेवण्याचा नियम धरू नये, त्याच्या पिशवीत खाणं असू द्या.

शांतपणे डोळे पाणावले तर जवळ जाऊ नका, रडू द्या. श्वास जोरात चालू झाला, हात-पाय थरथरले, छातीत धडधड सांगितली तर बैठक थांबवा : डोळे उघडायला लावा, बाहेर आणा, अनवाणी उभं करा, जमीन गार आहे की कोमट ते विचारा, पाणी द्या, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यायला सांगा. ‘सहन कर, निघून जाईल’ असं म्हणू नका. त्या दिवशी पुन्हा डोळे मिटून बसवायचं नाही. छातीत दुखणं, घाम, डाव्या हाताला कळ असेल तर ती घबराट समजून थांबू नका, सरळ दवाखान्यात न्या. घरी गेल्यावरही मन थाऱ्यावर नसेल तर टेलीमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं.

धम्म म्हणजे समाजकार्य. डोळे मिटून बसण्यात तरुणांचा वेळ का घालवता?
— कार्यकर्ता, कोल्हापूर शहर

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षेच्या वेळी घेतलेल्या २२ प्रतिज्ञांमध्ये अष्टांगिक मार्ग आचरण्याची प्रतिज्ञा आहे आणि सम्यक स्मृती हे त्या मार्गाचं सातवं अंग आहे. महिन्यातला एक दिवस त्याला दिल्यानं उरलेलं काम थांबत नाही. मैत्री भावनेच्या अर्ध्या तासात म्हणतात त्या मेत्त सुत्तात ‘कुणी कुणाला फसवू नये, कुठेही कुणाला तुच्छ लेखू नये’ अशी ओळ आहे. ती पालीत म्हणून झाल्यावर मराठीतही सावकाश म्हणा आणि मग शांत बसा. बैठकीत एका शब्दानं तडकणारा कार्यकर्ता आपला राग उठताना ओळखायला शिकला तर त्याचा उपयोग चळवळीलाच आहे.

शेजारच्या मंगल कार्यालयाचा डीजे चालू झाला तर?
— फुलेवाडी

आधी लग्नाच्या तारखा विचारून रविवार ठरवा. तरीही आवाज आलाच तर श्वास सोडून ‘ऐकू येतंय’ एवढंच जाणत बसा, आवाज थांबला की श्वासावर या. खिडक्या बंद करून घुसमट करू नका.

मोबाइल काढून घेतले तर बायका येणार नाहीत, घरून फोन येतात. आणि शुल्क ठेवावं का?
— जयसिंगपूर

दाराशी बसणाऱ्या स्वयंसेवकाचा क्रमांक आदल्या दिवशी सगळ्यांच्या घरी कळवा. तातडीचा फोन आला तर तो चिठ्ठी आणून देईल. मग मोबाइल बंद करून, नावाची चिठ्ठी लावून टोपलीत ठेवायला कुणाची हरकत राहत नाही. आठ वर्षांवरच्या मुलांना आणायचं असेल तर सकाळी १० मिनिटांचं आनापान करून घरी पाठवा, दिवसभर अडकवू नका. शुल्क नको. चहा, ताक आणि गॅसचा खर्च लिहून फलकावर लावा, शेजारी दानपेटी ठेवा, आणि कुणी किती टाकले याची यादी वाचू नका.