जुनी फोर बाय फोर घाटात गरम होते, मेकॅनिक हेड उघडायला सांगतो. उघडू का?

इतक्यात उघडू नका. आपण लिहिले आहे की गाडी सपाटीवर नीट चालते, घाट लागला की तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकतो, आणि मेकॅनिकने गाडी न चालवताच हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, त्याच्या आणि खालच्या भागाच्या मधले गळती रोखणारे पातळ अस्तर) उडाल्याचे निदान केले आहे. त्यातले ‘गाडी न चालवताच’ हे तीन शब्द वाचले आणि राहवेना, कारण त्याच तीन शब्दांपायी २००९ साली माझे साडेचौदा हजार रुपये गेले.

माझ्याकडे १९९२ ची महिंद्रा एमएम ५४० आहे, २११२ सीसीच्या प्युजो डिझेल इंजिनाची. आम्ही कराडचे. माझ्या गाडीचे दुखणे आपल्या गाडीच्या अगदी उलट होते. चिपळूणहून परतताना कुंभार्ली घाट ती दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये निमूट चढायची, पण कोल्हापूरला जाताना महामार्गावर ताशी सत्तर-पंच्याहत्तरचा वेग धरला की कासेगाव मागे पडेपर्यंत काटा चढायचा आणि पेठ नाक्याला थांबावेच लागायचे. तिथे पाच मिनिटे इंजिन नुसते आयडलवर ठेवले की काटा आपोआप खाली यायचा. या एका गोष्टीत सगळे निदान होते, आणि ती मी प्रत्येकाला सांगत होतो. ऐकणारा कोणी नव्हता.

गॅरेजवाल्याने आधी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे न सोडणारी झडप, काढून फेकला, कारण ‘आपल्याकडच्या हवेला तो लागत नाही’. फरक पडला नाही. मग रेडिएटर उतरवून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून सफाई, झाले, तरी फरक नाही. मग हेड उतरले, फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) झाले, नवे गॅस्केट पडले, आणि गाडी पुन्हा पेठ नाक्याला उभी. माझ्या थोरल्या भावाचे मत पहिल्या दिवसापासून ठरलेले होते, की इंजिन संपले आहे, जीप विकावी आणि माणसांसारखी गाडी घ्यावी. थर्मोस्टॅट काढायला त्याचा पाठिंबा होता, हेड उघडायलाही होता, आणि दोन्ही फसल्यावर ‘मी म्हटलेच होते’ म्हणायलाही तोच पुढे होता.

शेवटी एका रविवारी मी बॉनेट उघडून उभा राहिलो आणि पुतण्याला ॲक्सिलरेटर हळूहळू दाबून धरायला सांगितले. आयडलवर सगळे ठीक होते. इंजिनाचा आवाज महामार्गावरच्या आवाजाइतका चढला तेव्हा रेडिएटरच्या खालच्या टोकापासून वॉटर पंपाकडे जाणारा होज पाइप माझ्या डोळ्यांदेखत आत ओढला गेला आणि हवा गेलेल्या सायकलच्या ट्यूबसारखा चपटा झाला. ॲक्सिलरेटर सोडताच तो पुन्हा फुगला. आम्ही हे चार वेळा करून पाहिले. पंप खालच्या पाइपातून पाणी ओढतो. इंजिनाचे फेरे वाढले की ओढही वाढते, आणि पाइप मऊ असेल तर तो मिटतो व नेमकी गरज असताना पाण्याची वाट बंद होते. आदल्या पावसाळ्यात फुटलेल्या पाइपाच्या जागी त्याच गॅरेजने कुठल्याशा गाडीचा मऊ पाइप कापून बसवला होता आणि जुन्या पाइपाच्या आतली तारेची स्प्रिंग गंजली म्हणून टाकून दिली होती. साडेतीनशे रुपयांचा जाड पाइप आणि आत नवी स्प्रिंग घातली, आणि रोग संपला.

आता आपल्या गाडीकडे येतो. संथ गतीने, जोर लावून चढताना गरम होणे आणि सपाटीवर ठीक असणे म्हणजे माझ्या मते प्रथम हवेचा प्रश्न आहे, कारण घाटात वाऱ्याचा झोत नसतो आणि सगळा भार पंख्यावर येतो. पंख्याला व्हिस्कस कपलिंग (इंजिन तापले की पंख्याला घट्ट धरून जोरात फिरवणारा, दाट तेल भरलेला जोड) असेल तर इंजिन तापलेले असताना बंद करून, किल्ली काढून, पंखा हाताने ढकलून पाहावा. तो अडखळत न थांबता सैल फिरत राहिला तर कपलिंग गेले आहे. पंख्याभोवतीचे कडे कोणी ‘अडचण होते’ म्हणून काढून टाकलेले नाही ना, हेही पाहावे. नदी-नाल्यांत गाडी घालत असाल तर रेडिएटरच्या पत्र्यांत वाळलेला चिखल असणारच. तो पंख्याच्या बाजूकडून पुढे, बेताच्या दाबाच्या पाण्याने धुवावा. रेडिएटरचे झाकण नवे घ्यावे. ०.९ किलो दाबाचे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे ११८ अंशांपर्यंत नेते, आणि तेच झाकण सैल असेल तर पाणी शंभराच्या आसपासच उकळून बाहेर पडते व निष्पाप गॅस्केटवर आळ येतो.

थर्मोस्टॅट मात्र काढू देऊ नका. तो नसला की डिझेल इंजिन थंडीच्या सकाळी फार उशिरा तापते आणि धूर ओकते, आणि काही इंजिनांत तर बायपासची वाट उघडीच राहून थोडे पाणी रेडिएटर टाळून फिरत राहते, म्हणजे उपाय उलटतो.

एक गोष्ट मी आधीच लिहायला हवी होती. गॅस्केट खरोखरही उडते. थंड इंजिन सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत वरचा पाइप दगडासारखा कडक झाला, थंड असतानाच झाकण उघडे ठेवून इंजिन चालवल्यावर पाण्यात बुडबुडे थांबेनात, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला, तर मेकॅनिकचे म्हणणे बहुधा बरोबर आहे आणि गाडी तशीच दामटू नये. चपटा होणारा पाइपही दर वेळी स्वतः दोषी नसतो. रेडिएटर तुंबलेला असला तरी तो तसाच मिटतो. माझा रेडिएटर नुकताच साफ झालेला होता म्हणून मला शंका उरली नाही.

भावाचे आजही म्हणणे आहे की माझी गाडी पाइपामुळे नव्हे, तर मी पुढे हट्टाने थर्मोस्टॅट परत बसवला म्हणून सुधारली. तो काढायला पाठिंबा आपणच दिला होता, हे तो सोयीने विसरतो. पाइप मी मार्चमध्ये बदलला आणि थर्मोस्टॅट मेअखेरीस बसवला. मधल्या काळात, ऐन उन्हाळ्यात, गाडी सहा वेळा कोल्हापूरला जाऊन आली आणि काटा एकदाही अर्ध्याच्या वर गेला नाही, त्यातल्या दोन वेळा तर भाऊ स्वतः शेजारी बसलेला होता.