जांभळाच्या सरबताचा रंग कुठे गेला?

प्रश्न: गेल्या वर्षी जांभळाचं सरबत केलं. टिकावं म्हणून दुकानदाराने दिलेली केएमएसची पूड घातली, तर रंग पार फिका पडला. लिंबाच्या सरबताला तीच पूड चालली होती. आता जो तो म्हणतो, सोडियम बेंझोएट घाला. हा खायचा सोडाच ना? उरलेल्या भाजीलाही चालेल?
— एक वाचक, सातारा

उत्तर: अहो, माझ्या कोकमाच्या चौदा बाटल्या अशाच गेल्या! चव ठीक होती, पण रंग असा की पाहुण्यांपुढे ठेवायची लाज वाटे. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट. त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि तो जांभूळ, कोकम, करवंदाचा रंग खातो. लिंबाला, आंब्याला चालतो. घरात कुणाला दमा असेल तर मी तिथेही तो टाळते.

बेंझोएट हा खायचा सोडा नव्हे, दोघांचा स्वभावच उलटा. सोडा आंबटपणा मारतो, बेंझोएटचं आंबटाशिवाय चालत नाही. आंबट रसात त्याचं बेंझोइक आम्ल होतं आणि ते बुरशी नि यीस्टच्या पेशीत शिरून त्यांची वाढ रोखतं. पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), साडेचारच्या वर गेला की ते जवळजवळ निकामी. त्यामुळे भाजी, वरण, दूध यांत मुळीच घालू नका. उरलेली भाजी फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर संपवा. जांभळात आधी लिंबाचा रस किंवा सायट्रिक ॲसिड घालून चांगला आंबटपणा आणा.

खरी पंचाईत मापाची. लिटरभर सरबताला बेंझोएट पाऊण ग्रॅमही लागत नाही, आणि स्वयंपाकघरातला काटा तेवढं दाखवत नाही. ‘चिमूटभर’वर तर अजिबात जाऊ नका. मी ओळखीच्या सोनाराकडून ७ ग्रॅम तोलून आणते, कोमट पाण्यात विरघळवते आणि ते पाणी बरोबर १०० मिली करते. त्यातलं १० मिली एका लिटरला, औषधाच्या मापाने. कोरडी पूड वरून भुरभुरली तर ती सगळीकडे सारखी मिसळत नाही.

घाबरू नका, ही पूड तुमच्या घरात आधीच आहे. सॉस, लोणचं, खोकल्याचं औषध यांच्या बाटल्या उलटून बघा, खाण्याच्या वस्तूंवर बहुतेकदा नुसता २११ हा आकडा असतो. दालचिनीत तर बेंझोइक आम्ल निसर्गतःच असतं.

आणि पुढल्या खेपेला अमृत कोकम करणार असाल, तर यातलं काहीच आणू नका. सालींत साखर दाबून भरा. तिथे साखरच राखण करते.