ब्लेंडरमध्ये (थ्रीडी चित्रं बनवायचं सॉफ्टवेअर) खोलीचा सीन रेंडर केला, म्हणजे त्याचं अंतिम चित्र काढलं, की पांढरे ठिपके येतात, नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यावं का?

नाही, कार्ड बदलून ठिपके जाणार नाहीत, कारण कार्डाने फक्त वेग वाढतो, सॅम्पल (दर पिक्सेलमागे प्रकाशाचे किती रस्ते तपासायचे तो आकडा) तेवढेच ठेवले तर ठिपके पण तेवढेच, तेव्हा जेल रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चक्कर मारायची घाई करू नका. तुम्ही लिहिलंय की जुन्या वाड्यातली खोली आहे आणि काचेच्या कंदिलात छोटासा लाइट ठेवलाय, तर घोळ तिथेच आहे. बारीक, प्रखर लाइट काचेतून जाऊन भिंतीवर पडतो तो रस्ता सायकल्सला (ब्लेंडरचं रेंडर करणारं इंजिन) क्वचितच सापडतो, अन् सापडला की एखादाच पिक्सेल भसकन पांढरा होतो. मी इथे इंदूरला साध्या लॅपटॉपवर असेच सीन करतो, आधी हे करून बघा:

- लाइटची रेडियस वाढवा
- कॉस्टिक्स (काचेतून वळून किंवा चकाकत्या वस्तूवरून परतून पडणारा प्रकाश) दोन्ही बंद
- इनडायरेक्ट क्लॅम्प (उसळून आलेल्या प्रकाशाच्या प्रखरतेची कमाल मर्यादा) मुळात १० असतो, तो ३ च्या आसपास आणा (फार खाली नेलात तर खोली मेल्यासारखी दिसते)

मग डीनॉइज, म्हणजे उरलेले ठिपके सॉफ्टवेअरनेच पुसणं. पण ॲनिमेशन असेल तर कमी सॅम्पलवर डीनॉइज केलेल्या फ्रेम लुकलुकतात, तिथे सॅम्पल वाढवावेच लागतात, आणि तेव्हा मात्र कार्डाचा विचार करायला हरकत नाही.