लोकल कंपनीच्या हाती दिली तर?

वाचकांचे प्रश्न, रेल्वेतून निवृत्त झालेल्या ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मी बदलापूरहून परळला नोकरीला जाते. आमच्या लेडीज डब्यात सध्या एकच वाद चालू असतो. अर्ध्या जणी म्हणतात, लोकल एखाद्या खासगी कंपनीला चालवायला द्या, म्हणजे बंद दारांच्या गाड्या येतील आणि वेळेवर धावतील. उरलेल्या म्हणतात, मग पास परवडणार नाही. मेट्रो चकचकीत आणि आमच्या नशिबी लटकणं, असं का? तुम्ही रेल्वेत होतात. खरं काय ते सांगा.
— एक वाचक, बदलापूर

उत्तर : ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारात लटकलेली माणसं रुळांवर पडून दगावली. त्या दिवसानंतर कुणी मला म्हणालं, की "कुणीही चालवा, पण माणूस जिवंत घरी पोचवा", तर मी त्याला गप्प करणार नाही. तुमच्या मैत्रिणींचा राग खरा आहे, आणि तो मलाही येतो.

पण कंपनी आली तर ती नेमकं काय घेऊन येईल ते पाहा. कल्याणच्या पुढे बदलापूरपर्यंत आजही दोनच मार्ग आहेत. त्याच दोन रुळांवरून तुमची लोकल जाते, पुण्याकडच्या मेल-एक्सप्रेस जातात, मालगाड्याही जातात. कंपनीकडे चालवायला येतील गाड्या. रूळ येणार नाहीत. तिसरी-चौथी लाइन टाकायची तर जमीन लागते, लाइनीलगतची वस्ती हलवून तिचं पुनर्वसन करावं लागतं, पूल पाडून पुन्हा बांधावे लागतात. ही कामं कोणतीही कंपनी अंगावर घेत नाही, ती सरकारलाच करावी लागतात. कल्याण-बदलापूर तिसऱ्या-चौथ्या लाइनीचं काम एमआरव्हीसी, म्हणजे मुंबई रेल्वे विकास महामंडळ ही सरकारी कंपनी, करते आहे. या कंपनीत ५१ टक्के रेल्वे आणि ४९ टक्के राज्य सरकार आहे. ते काम लवकर संपवून घेणं हा तुमच्या गर्दीवरचा खरा इलाज आहे. दारं बंद होणाऱ्या गाड्यांचंही तसंच. रेक विकत घ्यायला पैसा लागतो, आणि कंपनी तो पैसा घालेल तो तिकिटातून परत काढण्यासाठीच.

आता पासाबद्दल. माझी नोकरीची सुरुवातीची वर्षं मध्य रेल्वेच्या बुकिंग खिडकीवर गेली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासाची रांग जिन्यापर्यंत जायची. हॉस्पिटलातल्या आया, दुकानातल्या मुली, ऑफिसं झाडणाऱ्या बायका. घामाने ओल्या झालेल्या दहा-दहाच्या नोटा त्या दोनदा मोजून आत सरकवायच्या. ज्या महिन्यात जमलं नाही, त्या महिन्यात कुणी रोजचं तिकीट काढायची, कुणी दोन दिवस खाडे करायची. या शहराचं काम या बायकांच्या पासावर चालतं असं मी तेव्हापासून मानते. १ जुलै २०२५ ला देशभर रेल्वेचं भाडं वाढलं, पण उपनगरी तिकीट आणि पास त्यातून वगळले गेले. लोकांचा रेटा असतो, सरकारला मतं हवी असतात, म्हणून हे होतं. आणि ते व्हायलाच हवं. लोकल कंपनीच्या करारात गेली, की असा प्रत्येक निर्णय नुकसानभरपाईचा दावा होऊन परत येईल.

हे मी अंदाजाने म्हणत नाही, मुंबईत ते घडलेलं आहे. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. ११.४ किलोमीटर, १२ स्थानकं. ६९ टक्के वाटा रिलायन्स इन्फ्राचा, २६ टक्के एमएमआरडीएचा, म्हणजे राज्य सरकारच्या मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, उरलेला एका फ्रेंच कंपनीचा. त्या मेट्रोबद्दल मला आकस नाही. अंधेरी-कुर्ला रोडवर संध्याकाळी बसमध्ये अडकलेल्या कुणालाही विचारा, ती गाडी वेळेवर येते आणि स्वच्छ असते. भाड्याची गोष्ट मात्र वेगळी. करारात सुरुवातीचं भाडं ९ ते १३ रुपये धरलेलं होतं. गाडी सुरू होताना कंपनीचं म्हणणं असं, की मेट्रो कायद्याने पहिलं भाडं ठरवायचा अधिकार मेट्रो चालवणाऱ्याला आहे, खर्चही वाढला आहे, सबब भाडं १० ते ४० रुपये. एमएमआरडीए हायकोर्टात गेली. २०१५ मध्ये भाडे निश्चिती समितीने तर ११० रुपयांपर्यंतची शिफारस केली. ती कोर्टाने डिसेंबर २०१७ मध्ये रद्द केली. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कंपनीचा हिस्साच विकत घ्यायचं ठरवलं आणि जूनमध्ये तो निर्णय मागे घेतला. करार पस्तीस वर्षांचा आहे.

म्हणून तुमच्या डब्यात कुणी म्हणालं, की "भाडं करारात बांधून घेऊ", तर तिला ही हकीकत सांगा. भाडं करारात होतंच. करार आणि कायदा यांच्यात बोटभर फट राहिली आणि तिच्यातून सगळं पुढे गेलं.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. जिथे प्रवाशाला दुसरा पर्याय आहे, तिथे कंपनीने गाडी चालवायला माझी हरकत नाही. मुंबई-अहमदाबाद तेजस आवडली नाही तर शताब्दी आहे, विमान आहे. बदलापूरच्या बाईला काय आहे? जिथे पर्याय नाही तिथे कंपनीला स्पर्धा करावी लागते ती एकदाच, टेंडर उघडण्याच्या दिवशी.

प्रश्न : माझी मुलगी मँचेस्टरला असते. ती सांगते, तिथल्या रेल्वेगाड्या कंपन्यांकडून काढून पुन्हा सरकारकडे घेत आहेत. ज्या इंग्रजांनी आपल्याला रेल्वे दिली त्यांनाच ती चालवता येईना? नेमकं काय झालं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : १९९३ च्या कायद्याने त्यांनी ब्रिटिश रेलचे तुकडे केले. रूळ आणि सिग्नल रेलट्रॅक नावाच्या कंपनीकडे, डबे भाड्याने देणाऱ्या कंपन्या वेगळ्या, आणि गाड्या चालवायचे हक्क ठरावीक वर्षांसाठी बोली लावून वेगवेगळ्या कंपन्यांना. त्यालाच ते फ्रँचायझी म्हणतात. गाड्या वाढल्या, प्रवासीही पुष्कळ वाढले. ते श्रेय नाकारू नये.

पण रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची झाली, की उशीर कुणामुळे झाला हा पैशाचा प्रश्न होतो. तिथे गाडी काही मिनिटं खोळंबली, की ती मिनिटं कुणाच्या नावावर घालायची हे ठरवायला शेकडो माणसं पगारावर ठेवावी लागली. आमच्या विभागीय कार्यालयातही हा वाद रोज सकाळी व्हायचा. सिग्नलवाले म्हणायचे इंजिनिअरिंगचा दोष, इंजिनिअरिंगवाले म्हणायचे ओव्हरहेड वायरचा. आवाज चढायचे. पण शेवटी पैसा एकाच तिजोरीतला होता, म्हणून वाद मिटवून सगळे कामाला लागायचे.

१७ ऑक्टोबर २००० ला हॅटफिल्डजवळ तडे गेलेला रूळ तुटून गाडी घसरली. चार माणसं गेली. त्या रुळांची देखभाल कंत्राटदाराकडे होती. आणखी कुठे तसे तडे आहेत याची खात्री नसल्याने देशभर शेकडो ठिकाणी गाड्यांचा वेग कमी करावा लागला. वर्षभरात रेलट्रॅक दिवाळखोरीत निघाली आणि रूळ नेटवर्क रेल या ना-नफा संस्थेकडे गेले.

तुमच्या मुलीच्या मार्गाचीच गोष्ट सांगते, कारण लंडन-मँचेस्टर गाड्या ज्या वेस्ट कोस्ट मार्गावर धावतात त्यावरून तिथे सगळ्यात मोठी खडाजंगी झाली. ऑगस्ट २०१२ मध्ये हा मार्ग व्हर्जिन या कंपनीकडून काढून फर्स्टग्रुप या दुसऱ्या कंपनीला देण्याचं ठरलं. फर्स्टग्रुपने साडेपाच अब्ज पौंड देऊ केले होते, पण मोठ्या रकमा मुदतीच्या शेवटच्या वर्षांत. फेरविचाराच्या मागणीवर दीड लाखाहून जास्त लोकांनी सह्या केल्या, व्हर्जिन कोर्टात गेली, आणि ३ ऑक्टोबरला वाहतूक मंत्र्यांनी सगळी प्रक्रियाच रद्द केली. कंपनी मध्येच सोडून गेली तर किती तारण हाताशी हवं, याचं खात्याने केलेलं गणितच चुकलं होतं. बोली लावणाऱ्या कंपन्यांचा खर्च सरकारी तिजोरीतून परत करावा लागला.

आणि सोडून जाण्याची भीती काल्पनिक नव्हती. लंडन-एडिंबरा मार्गावर जीएनईआर या कंपनीने २००५ मध्ये दहा वर्षांत १.३ अब्ज पौंड कबूल केले आणि दोन वर्षांत हात टेकले. मग नॅशनल एक्सप्रेसने १.४ अब्जांची बोली लावली, ती कंपनीही २००९ मध्ये सोडून गेली. सरकारी कंपनीने तोच मार्ग २०१५ पर्यंत चालवला आणि तिजोरीत जवळपास एक अब्ज पौंड भरले. तरी तो पुन्हा स्टेजकोच आणि व्हर्जिनला ३.३ अब्जांच्या कबुलीवर दिला, आणि जून २०१८ मध्ये परत घ्यावा लागला. एकाच मार्गावर तीन वेळा! कोविडमध्ये ही पद्धतच मोडीत निघाली, २०२४ मध्ये नवा कायदा झाला आणि मे २०२५ पासून एकेक कंपनीची मुदत संपेल तशी सेवा सरकारकडे येते आहे.

इंग्रजांनी रेल्वे "दिली" म्हणालात त्याबद्दल थोडं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी जीआयपी या लंडनच्या खासगी कंपनीचीच होती. तिच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी होती, आणि नफा कमी पडला तर भरपाई हिंदुस्थानच्या महसुलातून, म्हणजे आपल्याच शेतकऱ्यांच्या साऱ्यातून व्हायची. अशा रेल्वेखर्चावर दादाभाईंनी लिहिलं, पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशींनी लिहिलं. शेवटी १९२५ मध्ये सरकारने जीआयपीचा कारभार आपल्याकडे घेतला. फायदा कंपनीचा आणि तोटा लोकांचा, हा करार आपण पाऊणशे वर्षं सोसलेला आहे.

प्रश्न : जपानने रेल्वेचं खासगीकरण केलं आणि ती जगात उत्तम आहे. मग आपणच का घाबरायचं?
— एक विद्यार्थी, माटुंगा

उत्तर : जपानने १ एप्रिल १९८७ ला राष्ट्रीय रेल्वेच्या सहा प्रवासी आणि एक मालवाहतूक कंपनी केली. पण तिथल्या प्रवासी कंपन्यांकडे गाड्यांबरोबर स्वतःचे रूळ आहेत, स्थानकं आहेत, आसपासच्या जागांचं उत्पन्नही आहे. उशीर झाला तर बोट दाखवायला दुसरं कुणी नाही. भाड्याची कमाल मर्यादा सरकार मंजूर करतं. जुन्या कर्जाचा मोठा भाग सरकारने उचलला. एवढं करून होक्काइदो आणि शिकोकू या विरळ वस्तीच्या बेटांवरच्या कंपन्या अजून स्वतःच्या पायावर उभ्या नाहीत.

आपल्याकडे २०२० मध्ये १०९ मार्गांवर १५१ खासगी गाड्यांसाठी निविदा निघाल्या. भाडं ठरवायची मोकळीक होती, मुदत ३५ वर्षं, आणि रूळ-सिग्नल रेल्वेचेच. जुलै २०२१ मध्ये बोली आल्या त्या दोघांच्याच, आणि त्यातली एक आयआरसीटीसी, म्हणजे रेल्वेचीच कंपनी. योजना तिथेच थांबली.

प्रश्न : उद्या खरंच असं टेंडर निघालं, तर सामान्य प्रवाशाने काय करायचं? मोर्चा काढून भागतं का?
— प्रवासी संघटनेचे एक कार्यकर्ते, कल्याण

उत्तर : मोर्चा काढाच. ऑगस्ट २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आल्या तेव्हा कळवा-बदलापूरचे लोक रुळांवर उतरले, म्हणून त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं. पण त्याआधी कराराचा मसुदा मागा. त्यात तीन कलमं शोधा. भाडं कोण आणि कोणत्या कायद्याखाली ठरवणार? कंपनी देऊ केलेली रक्कम कोणकोणत्या वर्षी भरणार? आणि ती मध्येच निघून गेली तर दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली गाडी कोण चालवणार? या तिसऱ्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त जोर देईन. दिल्लीची विमानतळ मेट्रो चालवणारी कंपनी २०१३ मध्ये बाहेर पडली तेव्हा दिल्ली मेट्रो महामंडळ हाताशी होतं, त्याने दुसऱ्या दिवसापासून गाड्या चालवल्या. कोर्टातलं भांडण मात्र एप्रिल २०२४ पर्यंत, थेट सुप्रीम कोर्टात चाललं. आपल्या मोनोरेलचा ठेका डिसेंबर २०१८ मध्ये एमएमआरडीएला स्वतःकडे घ्यावा लागला. मोनोचे प्रवासी थोडे होते. लोकलच्या एका सकाळी तसं झालं तर शहर बंद पडेल.

मसुदा कुणी आपणहून दाखवणार नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करा, दहा रुपये फी आहे, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. रेल्वेसाठी केंद्राचं पोर्टल आहे, एमएमआरडीएसाठी राज्याचं. "कराराची माहिती द्या" असं मोघम लिहू नका. मसुदा, त्याची सगळी परिशिष्टं आणि बोलीपूर्व बैठकीत कंपन्यांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं, असं वेगवेगळं मागा. कंपन्यांना कोणती कलमं नको आहेत ते त्या प्रश्नांतून कळतं. उत्तर हाती आलं की मला या मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, आपण ते ओळीओळीने वाचू.