पुण्यात दोनच दिवस आहे, मी कॅथलिक आहे, कोणती चर्च आणि धार्मिक चित्रं बघू?

मीपण कॅथलिकच, वसईचा. गेल्या जानेवारीत साडूंकडे गेलो होतो तेव्हा हाच उद्योग केला म्हणून लिहितोय. आधीच सांगतो, सोन्याने मढवलेली वेदी वगैरे डोक्यात ठेवून जाऊ नका, हिरमोड होईल. पुण्याची गंमत वेगळी आहे.

पहिलं सिटी चर्च, क्वार्टर गेटजवळ. त्याची जागा 1792 मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, कारण त्यांच्या फौजेत गोव्याकडचे कॅथलिक होते आणि त्यांना मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या सामूहिक प्रार्थनेला, जागा पाहिजे होती. आता मी वसईचा, मला हे वाचून जरा गंमतच वाटली, 1739 ला चिमाजी अप्पांनी आमचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला आणि 53 वर्षांनी त्याच पेशवाईने चर्चला जागा दिली! सकाळी लवकर जा. मी गेलो तेव्हा एक आजी, डोक्यावर पदर, मारियेच्या, म्हणजे येशूच्या आईच्या, पुतळ्याला मोगऱ्याचा गजरा घालत होत्या, मेणबत्ती दोनदा विझली तर रिक्षांच्या हॉर्नला शिव्या घालून तिसऱ्यांदा पेटवली. दुपारी मात्र जाऊ नका, मी एका ठिकाणी बाराला पोचलो आणि कुलूप बघून परत आलो.

सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल एम्प्रेस गार्डनकडे, ब्रिटिश फौजेतल्या आयरिश सैनिकांसाठी बांधलेलं, नावावरूनच कळतं, पॅट्रिक आयर्लंडचे संत ना. पंचहौदचं चर्च बघाच, पण ते कॅथलिक नाही, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट पंथाचं आहे, नंतर घोळ नको. 1890 मध्ये तिथे टिळक-रानडे मंडळींनी मिशनऱ्यांकडे चहा घेतला आणि त्यावरून अख्ख्या पुण्यात गदारोळ झाला, प्रायश्चित्तापर्यंत गेलं प्रकरण.

चित्रांचं म्हणाल तर माझ्यासाठी पुणे म्हणजे अँजेलो दा फोन्सेका. गोव्याचा माणूस, शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ आणि नंदलाल बोस यांच्याकडे शिकला, मग शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रं काढली, 1967 ला वारला. त्याची मारिया साडी नेसते, चेहरा आपल्याकडचा. गोव्यात तेव्हा लोकांना ते अजिबात झेपलं नाही. मला तर ती बघून पहिल्यांदा आमची आईच आठवली, लहानपणापासून घरी निळ्या झग्यातली गोरी मारिया बघायची सवय ना. मूळ चित्रं बरीचशी आता गोव्यात पर्वरीला झेवियर सेंटर या इतिहास संशोधन संस्थेत आहेत, म्हणून आश्रमात जाताना आधी फोन करून काय बघायला मिळेल ते विचारा, आणि शांत बसायची तयारी ठेवा, ती काही पिकनिकची जागा नाही.

तिसरा दिवस मिळाला तर भीमाशंकर. देवळापाशी पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे, चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेतून आणलेली म्हणतात. आमच्याच गावची घंटा आणि मी अजून बघितली नाही, साडू म्हणाले पावसाळ्यानंतर नेतो.